सेत्सुना हिगाशीची बाजू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जपानी कार्टूनवर आलेला लेख वाचला. लेखकाच्या तक्रारी दोन. जादूच्या मुलींच्या मालिका म्हणजे नुसते झगे आणि चमचम, ही पहिली. आणि हल्ली खलनायकालाच शेवटी चांगला करून टाकतात, त्यामुळे मुलांना बरं-वाईट कळेनासं होतं, ही दुसरी. पहिलीवर मी वाद घालत नाही. झगे असतात आणि मला ते आवडतात. दुसरी मात्र मनाला लागली, कारण त्याच मालिकांमधली एक खलनायिका मला अतिशय प्रिय आहे आणि तिच्याबद्दल कुणीतरी मराठीत लिहावं असं फार दिवस वाटत होतं. कुणी लिहिलं नाही, म्हणून मीच लिहिते.

मी गंगापूर रोडच्या बाजूला विद्यार्थ्यांसाठी खानावळ चालवते. वय एकसष्ट. सटाण्याची एक मुलगी इथे इंजिनीअरिंगला आहे. तिच्या खोलीवर नेट चालत नाही, म्हणून रात्री पंगत उठली की ती आमच्या हॉलमध्येच लॅपटॉप उघडून बसते. मी तांदूळ निवडत शेजारी बसायचे. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, ती मला झेपत नसत, मग ती पोरगी मला मराठीतून वाचून दाखवू लागली. अशी मी ‘फ्रेश प्रीक्युअर’ ही मालिका पहिल्या भागापासून पन्नासाव्यापर्यंत पाहिली आणि तिला मागे लागून मधले भाग पुन्हा लावायला लावले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जपानच्या तोएई ॲनिमेशनने २००४ साली प्रीक्युअर सुरू केलं. रविवारी सकाळी साडेआठला लहान मुलींसाठी लागणारा हा कार्यक्रम. शाळकरी मुली, हातात एक जादूची वस्तू, ती फिरवली की पोशाख बदलतो आणि ताकद येते. ‘फ्रेश’ ही त्यातली सहावी मालिका, फेब्रुवारी २००९ ते जानेवारी २०१०. दर आठवड्याला एक राक्षस येतो आणि हरतो. तो भाग मला कंटाळवाणाच वाटला. जादूच्या वस्तूंची खेळणी खपवायची हाही त्यातला एक हेतू आहे, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. पण या सगळ्याच्या मधोमध ईस आहे, तीच माझी लाडकी खलनायिका.

ईस येते लॅबिरिंथ नावाच्या जगातून. तिथे मोबियस नावाच्या सत्ताधीशाचं राज्य. माणसाने काय काम करायचं, लग्न कुणाशी, मरायचं केव्हा, सगळं तोच ठरवतो. ईसचे केस चांदीसारखे, कपडे काळे आणि मोबियसवर अशी निष्ठा, की तो म्हणेल ते प्रमाण. तिचं काम आपल्या जगातल्या लोकांना दुःखात लोटणं आणि ते दुःख साठवणं. त्यासाठी ती साध्या मुलीचा वेश घेते, सेत्सुना हिगाशी हे नाव घेते, भविष्य सांगणारी म्हणून बसते आणि लव्ह मोमोझोनो नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीशी मैत्रीचं नाटक करते. लव्ह हीच प्रीक्युअर होऊन लढणारी क्युअर पीच. म्हणजे शत्रूच. लव्हला मात्र तिचा जराही संशय येत नाही. ती तिला चार पानांच्या क्लोव्हरची एक लकी माळ देते, हाक मारून डोनट खायला नेते.

तेविसाव्या भागात सगळं फुटतं. त्या दिवशी ईसला लॅबिरिंथहून पत्र आलेलं असतं, की तुझं आयुष्य आज संपतंय. कुठली शिक्षा म्हणून नाही, वहीत तशी नोंद आहे म्हणून. मरायच्या आधी पीचला हरवायचं एवढंच तिच्या डोक्यात. खरं रूप लव्हला कळलेलं आहे, ती माळ ईसने पायाखाली तुडवलेली आहे, आणि दोघी समोरासमोर येतात. जादू बाजूला राहते. दोघी हातापायांनी भिडतात, लव्ह रडत रडत लढते. लहान मुलींच्या कार्यक्रमात इतकी खरी मारामारी दाखवायची बनवणाऱ्यांची छाती झाली, याचं मला आजही नवल वाटतं. आणि शेवटी दमून पडल्यावर ईस कबूल करते, की मला तुझा हेवा वाटत होता. बस्स, एवढंच. नंतर वेळ भरते आणि ती मरते. मग अकारुन नावाचा लाल रंगाचा छोटा जीव तिला परत आणतो, आणि ती उठते ती क्युअर पॅशन म्हणून. याआधी २००६ च्या मालिकेत मिचिरू आणि काओरू या दोघींनी आपली बाजू सोडली होती. पण शत्रूच्या गोटातून येऊन पुरती प्रीक्युअर झालेली पहिली मुलगी ही. तिच्यानंतर मग २०११ मध्ये क्युअर बीट, २०१५ मध्ये क्युअर स्कार्लेट अशी रांगच लागली. यूका कोमात्सु यांनी ईसला आणि सेत्सुनाला एकाच गळ्यातून दोन आवाज दिले आहेत. भाषा कळत नसतानाही ईसचा आवाज ऐकला की माझे हात थांबायचे.

आता माझं म्हणणं. लेखक म्हणतात की खलनायकाला ‘शेवटी’ चांगलं करून टाकतात. इथे ते शेवटी होतच नाही. पन्नासांपैकी तेविसाव्या भागात होतं. म्हणजे पुढचे सत्तावीस भाग, जवळजवळ सहा-सात महिने, ती मालिका पाहणाऱ्या छोट्या मुलींनी दर रविवारी काय पाहिलं? बदललेली मुलगी बदलल्यानंतर राहते कशी, हे पाहिलं. मी तरी दुसरीकडे असं पाहिलेलं नाही. आपल्याकडे वाल्याचा वाल्मीकी सगळ्यांना ठाऊक आहे. पण वाल्या रानात एकटा बसला, अंगावर वारूळ चढलं आणि बाहेर आला तो ऋषी होऊन. ज्यांना लुटलं त्यांच्या घरी त्याला दुसऱ्या दिवशी जेवायला बसावं लागलं नाही. सेत्सुनाला बसावं लागतं.

ती त्यांच्यात यायला लगेच होकार देत नाही. आपल्या हातून जे झालं ते झालं, आता मला या मुलींबरोबर उभं राहायचा काय अधिकार, म्हणून ती निघून जाते. तिला परत आणायला मोठमोठी भाषणं होत नाहीत. लव्हच्या आईला कळतं की पोरीला घर नाही, आणि ती तिला आपल्या घरी ठेवून घेते. मोमोझोनोंच्या घरात तिला स्वतःची खोली मिळते. घर चालवणाऱ्या बाईच्या नजरेने सांगते, हा निर्णय त्या मालिकेतल्या कुठल्याही जादूपेक्षा मोठा आहे. वाढतं ताट कुणासाठी घालायचं हे रोज ठरवावं लागतं, एकदा ठरवून भागत नाही.

त्या घरातली एक बारीक गोष्ट मला फार आवडली. लव्हला गाजर आवडत नाही आणि सेत्सुनाला ढोबळी मिरची आवडत नाही. कुणी म्हणेल यात काय एवढं? माझ्या खानावळीत नवीन मुलं येतात ना, पहिले आठ-पंधरा दिवस ती ताटात पडेल ते मुकाट्याने खातात. कारल्याची भाजीसुद्धा. मग एक दिवस कुणीतरी ढोबळी मिरचीचे तुकडे ताटाच्या कडेला लावून ठेवतं आणि मी समजते, की हे पोर आता इथलं झालं. जिच्या जगात नावडतं काही असायची सोयच नव्हती, जिचं मरणसुद्धा दुसऱ्याने लिहून ठेवलेलं होतं, ती मुलगी मिरची बाजूला सारते. ज्याने ही कल्पना लिहिली त्याला माणसं कळतात.

आणखी एक भाग आहे मिकी आणि सेत्सुनाचा. मिकी ही क्युअर बेरी, लव्हची लहानपणची मैत्रीण, दिसायला टापटीप आणि सगळं अचूक करणारी. लव्हने सेत्सुनाला पोटाशी धरलं, पण मिकीचं तसं नाही. चौघी असल्या की ठीक, पण दोघीच उरल्या की काय बोलायचं तेच सुचत नाही. भांडण नाही, राग नाही, नुसतं अवघडलेपण. दुकानातून फिरताना त्या दोघींमधली शांतता दाखवली आहे ती अगदी खरी आहे. आणि ती सुटते कशाने? मिकीला ऑक्टोपसची भयंकर भीती वाटते हे उघड झाल्याने! सगळ्यात व्यवस्थित मुलगीही कशाला तरी घाबरते हे कळल्यावर दुसरीला तिच्याशेजारी बसता येतं. क्षमा केली, असं कुणी तोंडाने म्हणत नाही. मला हे फार पटलं.

सेत्सुनाच्या तोंडी एक वाक्य सारखं येतं, की मी माझ्याकडून जीव ओतून करेन. राक्षसाशी लढायचं असो, मुलींबरोबर नाच शिकायचा असो, ती तेच म्हणते. आमची सटाण्याची मुलगी म्हणायची, किती गोड आहे हो काकू. मला सुरुवातीला ते ऐकून पोटात तुटायचं. इथे राहायचं असेल तर सतत काहीतरी केलं पाहिजे, नाहीतर मला जागा नाही, असं त्या वाक्याच्या मागे होतं. पुढे पुढे तेच वाक्य ती हसून म्हणते. कुठल्या भागात बदललं ते दाखवता येणार नाही, पण बदललेलं असतं.

मी हे इतकं धरून का बसले आहे, तेही सांगते. माझ्याकडे पोळ्या करायला एक बाई येतात. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे, नाव लिहू नका एवढंच त्या म्हणाल्या. काही वर्षांपूर्वी घरच्या अडचणीत त्यांनी गल्लीतल्या भिशीचे पैसे उचलले आणि नाशिक सोडलं. परत आल्या, एकेकीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि हप्त्याहप्त्याने सगळे पैसे फेडले. तरीही रोज संध्याकाळी निघताना त्या आपली पिशवी ओट्यावर उघडी ठेवतात. आत पाण्याची बाटली, छत्री, कधी भाजी. मी पाहावं म्हणून. मी कधीही मागितलेलं नाही, नको म्हणून सांगून थकले. क्युअर पॅशन पहिल्यांदा मैत्रिणींच्या बाजूने उभी राहिली तो भाग लागला होता तेव्हा त्या कणीक मळत होत्या. हात तसेच पिठात ठेवून शेवटपर्यंत पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “हिला घरात घेतील का पण?” हा प्रश्न त्यांना पडतो, आपल्या लेखकांना पडत नाही.

खलनायकाला चांगलं केलं की बरं-वाईट कळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी बिभीषणाचं काय करायचं ते सांगावं. आम्ही पंचवटीजवळची माणसं, रामकथा ऐकतच मोठे झालो. बिभीषण शरण आला तेव्हा सुग्रीव म्हणाला होता, की हा शत्रूचा भाऊ, याला घेऊ नका. रामाने घेतलं. कथा सांगणारे हे सांगतात, ऐकणारे माना डोलवतात आणि घरी जाऊन कुणाला नावं ठेवायची असली की घरभेदी म्हणून बिभीषणाचाच दाखला देतात. तो चिरंजीव झाला तरी त्याच्या मागचं ते लचांड सुटलं नाही. रामाने घेतलेल्या माणसाला आपण अजून घेतलेलं नाही.

लेखकांना वाटतं की अशा मालिकेत केलेलं वाईट पुसलं जातं. ‘फ्रेश’मध्ये ते पुसलेलं नाही. वेस्टर आणि साउलर हे सेत्सुनाचे जुने साथीदार तिच्यासमोर येत राहतात, तिला फितूर म्हणतात, आणि ती त्यांच्याशी लढते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जिंकण्याचा आनंद नसतो. मोबियस शेवटी एक यंत्र निघतं, माणसांनीच बनवलेला संगणक. काहींना तो शेवट फुसका वाटतो म्हणे. मला योग्य वाटला. माणसाचं आयुष्य वहीतली नोंद समजणारा आणखी कोण असणार? आणि सगळं संपल्यावर, ज्या घरात तिला खोली मिळाली, आई मिळाली, ते घर सोडून सेत्सुना लॅबिरिंथला परत जाते. तिथली माणसं अजून तशीच आहेत, त्यांना स्वतःचं स्वतः जगायला शिकायचं आहे, आणि ते शिकवायला तिच्याइतकं जवळचं कुणी नाही. वेस्टर-साउलरही तिच्याबरोबर जातात. मी त्या रात्री तांदूळ तसाच ठेवून झोपायला गेले.

आपल्याला माझी विनंती दोन गोष्टींची. मुलांच्या पुरवणीत या मालिकांवर ज्याने त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिल्या आहेत अशा माणसाकडून लिहून घ्या. कॉलेजांत अशी मुलं चिक्कार आहेत आणि ती सुंदर बोलतात, त्यांना कुणी विचारत नाही एवढंच. दुसरी विनंती वाचकांना. आमची वाचून दाखवणारी मुलगी या उन्हाळ्यात परीक्षा देऊन सटाण्याला परत जाईल. २०११ ची मालिका, जिच्यात सायरन नावाची मांजर शत्रूची बाजू सोडून क्युअर बीट होते, ती आमची पाहायची राहिली आहे. नाशिकमधल्या कुणाला इंग्रजी अक्षरं भरभर वाचून मराठीत सांगता येत असतील आणि रात्री नऊनंतर वेळ असेल, तर आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा. ऐकायला मी आणि पोळ्या करणाऱ्या बाई अशा दोघी असू. जेवणाची सोय माझ्याकडे.

आपली,
एक खानावळचालक, नाशिक