मातीवाल्या मॅडमना, पार्ल्याहून

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

फोन करून आभार मानायचं दोनदा ठरवलं, दोन्ही वेळा घसा दाटून आला. म्हणून लिहायला बसले. तुमचं नाव मुद्दाम घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते चार लोकांनी वाचावं, म्हणून हे सगळ्यांसमोर.

आमचं घर विलेपार्ले पूर्वेला, तळमजल्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा घरात कमरेपर्यंत पाणी होतं. त्याचा दोष मी कुणालाच देत नाही. माझं दुखणं त्यानंतरचं. सोसायटीने आवारातली माती दाबून, वर खडी घालून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले. मागचा चाफा तेवढा वाचला, तोही आई आडवी आली म्हणून. तेव्हापासून दोन तास जोराचा पाऊस झाला की पाणी उंबऱ्याच्या आत. बाबांची पुस्तकं गेली, त्यांच्या हस्ताक्षरातल्या वह्या गेल्या.

तुमच्याआधी तीन तज्ज्ञ येऊन गेले. एकाने मोबाइलवर फोटो काढून मोठा पंप सुचवला. दुसरा गाडीतून उतरलादेखील नाही. तिसऱ्याने आईच्या तोंडावर सांगितलं, "आजी, तळमजला म्हटला की हे आलंच. विकून मोकळ्या व्हा." आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. लग्न होऊन ती याच घरात आली. ती काही बोलली नाही, मोरीत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. तो आवाज मी विसरले नाही आणि त्या माणसाला माफही केलेलं नाही.

मग मे महिन्याच्या उन्हात तुम्ही आलात. हातात लोखंडी कड्या, खांद्याला पिशवी. फाटकाजवळचे ब्लॉक उचलून घेतलेत, साडीचा पदर खोचून गुडघ्यांवर बसलात आणि एकात एक अशा दोन कड्या मातीत ठोकून त्यांत पाणी भरलंत, माती ते किती वेगाने पिते ते मोजायला. माझ्या भाच्याने विचारलं, दोन कशाला? तुम्ही त्याला नीट समजावलंत: बाहेरच्या कडीतलं पाणी आजूबाजूला पसरतं, म्हणून आतलं सरळ खाली उतरतं, आणि मोजायचं ते आतलं. कोरडी माती आधी अधाशासारखं पाणी ओढते, मग तिचा वेग उतरत उतरत एका जागी स्थिरावतो. जॉन फिलिप नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये याचं गणित मांडलं, तेही सांगितलंत. "जमीन पिते त्याहून जोरात पाऊस पडला की उरलेलं वाहतं. वाहिलं की ते सखल घर शोधतं." आमचं घर त्याला रोज सापडत होतं.

पण मला लिहायचंय ते याच्या पुढचं. आई दारात उभी राहून बघत होती. तुम्ही मनगटावरचं घड्याळ सोडून तिच्या हातात दिलंत आणि म्हणालात, "आजी, दर पाच मिनिटांनी मला हाक मारायची. चुकायचं नाही हं." आई खुर्ची घेऊन बसली. तास-दीड तास तिने काट्यावरून नजर हलवली नाही. फाटकाजवळच्या कडीतलं पाणी जागचं हलेना, आणि चाफ्याखालच्या कडीत सारखी भर घालावी लागत होती. मुळं आणि गांडुळं तिथे वाटा करून ठेवतात, म्हणालात. शेवटी वहीचं पान आम्हाला दाखवलंत. वर लिहिलं होतं, "वेळ नोंदवणार", आणि पुढे आईचं पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट. तिने ते पान हातात धरून कितीतरी वेळ वाचलं.

मग ती आपणहून बोलली. म्हणाली, पाणी दोन जातीचं येतं. एक आवारातून, गढूळ. दुसरं मोरीच्या जाळीतून उलटं, काळं, आणि ते भरतीच्या वेळी. इतकी वर्षं ती हे सांगत होती, आम्हीदेखील "हो गं" म्हणून सोडून देत होतो. तुम्ही शब्द न् शब्द लिहून घेतलात. समुद्र चढला की नाल्याचं पाणी घेत नाही, ते मागे फिरतं. म्हणजे आजार दोन आणि औषधंही दोन.

बाकीचं सांगत बसत नाही. मागच्या बाजूचे ब्लॉक निघाले, माती मोकळी झाली, पालापाचोळा पडू लागला, मोरीच्या पाइपला उलट पाणी अडवणारी झडप लागली. तुम्ही तेव्हाच बजावलं होतंत, की २००५ सारख्या पावसापुढे कुठलीच माती टिकायची नाही, आणि ऐन जुलैत जमीन भिजून गच्च झाली की चाफ्याखालचीसुद्धा कमीच पिणार. आपल्या कामाची हद्द अशी स्वतःहून सांगणारं माणूस मला या शहरात क्वचित भेटलंय. "पाणी अडवा, पाणी जिरवा" शाळेच्या भिंतीवर वाचलं होतं, ते गावाकडच्यांसाठी असं वाटायचं. आमच्या आवारात ते कुणी गुडघ्यांवर बसून करून दाखवेल, तेही एका म्हातारीला हाताशी घेऊन, हे कधी मनात आलं नव्हतं. पैसे विचारले तर तुम्ही चाफ्याची दोन फुलं मागितलीत. मॅडम, अशी माणसं असतात म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

यंदा जुलैत रात्रभर कोसळला. आवारात पाणी साचलं, पायरीपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. आई टॉर्च घेऊन खिडकीशी बसून होती. सकाळी कॅलेंडरवर तिची नोंद सापडली: "२.१० पाऊस थांबला. ३.०५ चाफ्याखाली पाणी नाही. मोरी कोरडी." खाली सही केली आहे. हे मॅडमना कळव म्हणाली, त्यांच्या वहीत लागेल. त्या पानाचा फोटो सोबत पाठवतेय.

तुमची,
तळमजल्यावरच्या आजींची मुलगी