सत्तर मिनिटांबद्दल आभार, दादा

प्रिय दादा,

समोरासमोर आभार मानले असते तर तू विषय बदलला असतास. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

दोन गाण्यांचे ठेके बिनचूक कसे जुळवायचे, एवढंच विचारायला मी तुझ्याकडे आलो होतो. उत्तर न देता तू कोल्डकट या ब्रिटिश डीजे जोडीचा १९९५ मधला 'जर्नीज बाय डीजे : ७० मिनिट्स ऑफ मॅडनेस' हा, गाणी एकमेकांत सलग गुंफलेला अल्बम हातात ठेवलास. वर अटी घातल्यास : एका बैठकीत ऐकायचा, मध्येच पुढे सरकवायचा नाही, आणि नवा आवाज शिरला की वेळ कागदावर लिहायची.

कागद भरत गेला. पंक गायक जेलो बिआफ्राचं उपहासानं ठासलेलं बोलणं, फोटेकचं 'जंगल' (वेगवान ड्रमांचं इलेक्ट्रॉनिक संगीत), हॅरॉल्ड बडचं तरंगतं संगीत, आणि या सगळ्यात चक्क 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या टीव्ही मालिकेची धून! मला तो निव्वळ चावटपणा वाटला. मग तू सांगितलंस, की रॉन ग्रेनरची ती धून १९६३ मध्ये डेलिया डर्बीशायरने बीबीसीत टेपचे तुकडे कापून, जोडून घडवली होती. म्हणजे इथे कात्री चालवणाऱ्यांनी आपल्या आजीलाच मानाने बोलावलं होतं म्हणायचं!

ठेक्याचं कोडंही ऐकतानाच सुटलं. मिनिटाला ८० ठोक्यांच्या हिप-हॉपवर १६० चं 'जंगल' बसतं, कारण एकाच्या एका ठोक्यात दुसऱ्याचे दोन मावतात. गणित इतकंच, आणि ते आता सॉफ्टवेअरही करतं. पण ठेका कधी काढून घ्यायचा? ते मला बडपाशी कळलं. ताल सुटला म्हणून ऐकणारा उठून जात नाही. पुढचा ड्रम कुठून येतोय याकडे कान लावून बसतो. माझ्या मिक्समध्ये तोवर अशी एकही जागा नव्हती. सगळं कसं गुळगुळीत, आणि म्हणूनच कंटाळवाणं.

कोल्डकटमधले मॅट ब्लॅक आधी प्रोग्रामर होते आणि जोनाथन मोर कलाशिक्षक, हे तू किती कौतुकाने सांगायचास! १९८७ मध्ये एरिक बी आणि राकिमच्या 'पेड इन फुल'चं 'सेव्हन मिनिट्स ऑफ मॅडनेस' हे रिमिक्स त्यांनी केलं. त्यात न्यूयॉर्कच्या रॅपमध्ये इस्रायली गायिका ओफ्रा हाझाचा आवाज मिसळला. सात मिनिटांच्या वेडाची सत्तर झाली ती अशी.

सगळेच सांधे मला पटत नाहीत हं. काही ठिकाणी नुसती हातचलाखी दिसते. हे बोललो तेव्हा तू वाद घातला नाहीस, "मग तू काय लावलं असतंस?" एवढंच विचारलंस. त्या प्रश्नासाठी तर वेगळे आभार.

माझं नवं मिक्स पाठवतोय. मधली काही मिनिटं ठेक्याशिवाय आहेत. आवडलं नाही तर नेहमीसारखं, भीडभाड न ठेवता सांग.

तुझा,
धाकटा