चाकांना ॲसिड नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसरा तोंडावर आला की वॉशिंग सेंटरबाहेर गाड्यांच्या रांगा लागतात. पावसाळाभर चिखल खाल्लेली मॅगव्हील तिथे पाच मिनिटांत लख्ख करून मिळतात. बिनलेबलच्या कॅनमधले पाणी ब्रशने फिरवायचे, फेस येतो, नाकात झणका बसतो, वरून प्रेशरचे पाणी. त्या कॅनमध्ये पुष्कळदा ॲसिड असते. कुठे कुठे तर सरळ संडास साफ करायचे लिक्विड वापरतात, ज्यात साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असते.

मॅगव्हील ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर. लॅकर धड असेल तर त्या दिवशी काहीच बिघडलेले दिसत नाही, म्हणून गिऱ्हाईक खूश. पण खड्ड्यात आपटून कड ठेचलेली असते, खडी उडून टवका गेलेला असतो. ॲसिड तिथून आत शिरते. पुढे लॅकरखाली अळी चालत गेल्यासारख्या पांढऱ्या नागमोडी रेषा उमटतात. त्या घासून जात नाहीत, रिम खरवडून पुन्हा रंगवावी लागते. नट आणि ब्रेकची डिस्क गंजतात ते वेगळेच. ॲसिड नको म्हणून कॉस्टिक सोड्याचे पाणी मारणारेही आहेत, पण ॲल्युमिनियम त्यातही विरघळते. तांब्याच्या भांड्याला चिंच चालते म्हणून कोणी चाकाला लिंबू चोळतो. दसऱ्याचे लिंबू चाकाखालीच बरे.

काही कडक व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लुओरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. हे कातडीवर पडले तर लगेच दुखेलच असे नाही. काही तासांनीही कळ सुरू होते, कारण ते आत मुरून शरीरातल्या कॅल्शियमला धरते. नुसत्या पाण्याने भागत नाही. भरपूर पाण्याखाली धुऊन लगेच दवाखाना गाठावा आणि काय सांडले ते डॉक्टरांना सांगावे. यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावतात. सेंटरवरची पोरे स्लिपर घालून, उघड्या हातांनी हे काम करतात. मालकांनी निदान हातमोजे आणि चष्मा द्यावा.

क्लीनर निवडताना तो किती कडक आहे हे पाहू नये. मळ कसला आहे ते पाहावे. चिखलाला फक्त पाणी आणि कार शाम्पू लागतो. कोकणातली तांबडी माती मात्र रिमच्या आतल्या बाजूला थापली जाऊन वाळते आणि हायवेला स्टिअरिंग थरथरते. लोक बॅलन्सिंगचे पैसे देऊन येतात. आधी आतला थर धुऊन पाहावा.

खरा हट्टी मळ ब्रेकचा. पुढची चाके काळी आणि मागची स्वच्छ का? लहान गाड्यांना मागे बहुधा ड्रम ब्रेक असतात, भुकटी आतच राहते. शिवाय ब्रेकिंगचा जास्त भार पुढे. डिस्क आणि पॅड झिजून उडालेले लोखंडाचे तापलेले कण लॅकरमध्ये रुततात, तिथेच गंजतात आणि हाताला खरखरीत लागणारे तपकिरी ठिपके उरतात. यांना शाम्पू पुरत नाही, आयर्न रिमूव्हर लागतो. त्यातले थायोग्लायकोलेट नावाचे रसायन लोखंडाशी जुळते आणि पांढरा फवारा बघता बघता जांभळा होऊन ओघळतो. वास कुजक्या अंड्यांसारखा, म्हणून उघड्यावर वापरावा. जांभळा रंग म्हणजे ताकद नव्हे. चाकावर लोखंडच नसेल तर चांगल्यातला चांगला रिमूव्हरही रंग बदलणार नाही. बाटलीवर पीएच 7 च्या आसपास, म्हणजे ना ॲसिड ना सोडा, असे लिहिलेला घ्यावा.

चाक हाताला गार लागेपर्यंत थांबावे, सावलीत घ्यावे. आधी शाम्पूने धुऊन पाणी निथळू द्यावे, कारण चिखलावर मारलेला रिमूव्हर वाया जातो. एका चाकाला 40 ते 50 मिली पुरतो. 3 ते 5 मिनिटे ठेवावा, वाळू देऊ नये, वाळला तर डाग पडतात. मऊ ब्रशने नटांच्या खाचा आणि आरे फिरवून भरपूर पाण्याने धुवावे. दुसऱ्यांदा रिमूव्हर मारूनही ठिपके हलले नाहीत तर डिटेलिंगचा क्ले, म्हणजे रुतलेले कण उचलणारा मऊ गोळा, हलक्या हाताने फिरवावा. तारेची घासणी नको. चाकांची बादली आणि फडके बॉडीला वापरू नये. त्यातले कण रंगावर ओरखडे काढतात.

डांबराचे ठिपके, बाइकच्या मागच्या रिमवरचे चेनचे ऑइल हे तेलकट काम. फडक्याला थोडे रॉकेल किंवा टार रिमूव्हर लावून तेवढाच डाग पुसावा आणि लगेच शाम्पूने धुवावे. टायर आणि डिस्कपासून ते लांब ठेवावे. डिस्कला तेल लागले तर ब्रेक नीट धरणार नाही. धुऊन झाल्यावर गाडी तशीच उभी करू नये. थोडे अंतर हळू चालवून ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबावेत, नाहीतर सकाळी डिस्कवर गंजाचा थर दिसतो.

सेंटरवाल्यांनी कॅनवर आतल्या द्रावणाचे नाव आणि पीएच लिहावा, एवढीच अपेक्षा आहे. लेबल दाखवत नसतील तर गाडी देतानाच ‘चाकांना फक्त पाणी आणि शाम्पू’ असे सांगून टाकावे.

– एक गॅरेजचालक, चिपळूण