नागपुरातल्या गाठी नागपुरातल्या प्रयोगशाळांपर्यंत पोहोचू द्या

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

स. न. वि. वि. मी नागपुरात फार्मसीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवते. "मॅडम, हळदीनं मेंदूचा कॅन्सर बरा होतो का हो?" असे रुग्णांचे नातेवाईक फार आशेने विचारतात. डॉक्टरांचे उपचार सोडू नका, हळदीचे औषध अजून तयार झालेले नाही, एवढेच मी सांगू शकते.

ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूची अत्यंत घातक गाठ. 2005 मध्ये रेडिएशनला टेमोझोलोमाइड या कॅन्सरच्या औषधाची जोड मिळाली, तेव्हा रुग्णांचे मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण जगतात तेवढा काळ, 12.1 महिन्यांवरून 14.6 महिन्यांवर गेला. अडीच महिने! आजही मुख्य उपचार तोच आहे.

हळदीतले कर्क्युमिन प्रयोगशाळेत काचेच्या बशीत या गाठीच्या पेशी मारते. शरीरात मात्र ते टिकत नाही. पाण्यात विरघळत नाही, आतडे आणि यकृत त्याचा चटकन निकाल लावतात, शिवाय रक्त आणि मेंदू यांच्यामधला पेशींचा अडसर बहुतेक औषधांना आत येऊच देत नाही. म्हणून कर्क्युमिन अतिसूक्ष्म नॅनोकणांत भरण्याचा खटाटोप. कर्क्युमिन आणि शरीरात हळूहळू विघटित होणारे पीएलजीए नावाचे पॉलिमर ॲसिटोनमध्ये विरघळवायचे आणि ढवळत्या पाण्यात थेंब थेंब सोडायचे. नुसते कर्क्युमिन तळाशी पिवळा गाळ होऊन बसते. हे मिश्रण दुधाळ पिवळे होते आणि तसेच राहते. कणांवर पॉलिसॉर्बेट 80 या साबणासारख्या पदार्थाचा लेप दिला की रक्तातली काही प्रथिने त्यांना चिकटतात आणि अडसराच्या पेशी त्यांना आत ओढून घेतात. हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे.

घोडे अडते ते पुढे. आमचे विद्यार्थी हे कण बहुधा यू-87 नावाच्या विकतच्या पेशींवर तपासतात. मूळ यू-87 स्वीडनमधल्या उप्सालात 1960 च्या दशकात एका रुग्णाच्या गाठीतून वाढवली होती. जगभर वाटली गेलेली यू-87 त्या रुग्णाच्या गाठीशी जुळतच नाही, हे 2016 मध्ये उघड झाले. अशा पेशींवर प्रबंध होतो, पदवी मिळते आणि काम कपाटात जाते.

इकडे नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, आणि एम्समध्ये विदर्भातलेच नव्हे, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचेही रुग्ण येतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा, रुग्णाच्या संमतीने आणि नैतिक समितीच्या देखरेखीखाली, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचला तर आमच्या कणांची खरी परीक्षा होईल. माझ्या एका विद्यार्थिनीने शहरातल्या एका रुग्णालयाकडे तसा अर्ज केला होता. तिची पदवी संपली, उत्तर आले नाही. मुलगी हुशार होती, आता औषध कंपनीत विक्री विभागात आहे. मला याचे फार वाईट वाटते.

नवी इमारत नको. नागपुरात गाठींचे तुकडे जपून ठेवणारी एक सामाईक ऊती-पेढी (टिश्यू बँक), तिच्यासाठी उणे 80 अंशांचे शीतकपाट, एक समन्वयक, आणि अर्जाला ठरावीक मुदतीत होकार किंवा नकार देण्याचे बंधन, एवढे करा. हिवाळी अधिवेशनासाठी आपण इथे असालच. त्या दिवसांत शल्यचिकित्सक, पॅथॉलॉजिस्ट आणि फार्मसीचे शिक्षक यांची एक बैठक आपल्या समोर घ्यावी, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
फार्मसीची एक प्राध्यापिका, नागपूर