स्वारगेटवरून खाली उतरताना

सातारा

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

आबांना पुण्यात नळ स्टॉपच्या डॉक्टरांकडे स्वारगेटहून मेट्रोनं न्यायचं म्हणतोस. खुशाल ने. फक्त "तीन स्टेशनं आणि मग गाडी बदलायची, त्यात काय" हा हिशोब सोड. भुयारी मेट्रोत गाडी वेळ खात नाही, जिने खातात. आबांचे गुडघे बघता किलोमीटर मोजू नकोस, खोली मोज.

पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मार्गावर जमिनीखाली पाच स्टेशनं आहेत: शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट. शेवटचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट तुकडा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. सध्या स्वारगेट हे टोक आहे, त्यामुळे तिथं चुकीच्या दिशेची गाडी पकडायची भीती नाही. चूक होते ती रस्त्यावरच. एसटीतून उतरल्यावर जो जिना आधी दिसेल त्यात लोक घुसतात. तू आधी लिफ्टचं चिन्ह शोध, मग आबांना चालव. चार पावलं जास्त पडली तरी चालतील.

जिना उतरला की लगेच फलाट येत नाही. मधे तिकिटाचा मजला असतो. तिथं सामान यंत्रातून जातं. विळा, कोयता, रॉकेल असलं काही पिशवीत नको, नाहीतर पिशवीसकट परत वर यावं लागेल. तिकीट दोघांचं वेगवेगळं दाखवायचं. कागदी तिकिटावरचा क्यूआर कोड चुरगळला किंवा भिजला की दार उघडत नाही. मोबाइलवर काढणार असशील तर वरच, रेंज असताना काढ आणि स्क्रीनचा उजेड वाढवून ठेव. आणि आबांना बजाव, आत शिरल्यावर एसटीच्या तिकिटासारखं ते फेकायचं नाही. बाहेर पडताना तोच कोड परत लागतो.

मंडई, कसबा पेठ, मग जिल्हा न्यायालय. इथं उतरायचं. यालाच लोक अजून सिव्हिल कोर्ट म्हणतात. सगळं दुखणं इथं आहे. फलाट सुमारे ३३ मीटर खोल, म्हणजे १०८ फूट. आपल्या लिंब गावची बारा मोटेची विहीर ११० फूट सांगतात, तेवढंच समज. एवढं खोल जायचं कारण म्हणजे कसबा पेठेकडे जाताना मार्ग मुठेच्या पात्राखालून जातो. छतातून ऊन थेट खाली उतरेल अशी रचना आहे, तेवढी मात्र बघण्यासारखी. तुला पुढं न्यायची, दुसऱ्या म्हणजे रामवाडी-वनाझ मार्गावरची गाडी मात्र रस्त्याच्याही वर, पुलावर. म्हणजे विहिरीच्या तळातून निघून माडीवर चढायचं! सरकते जिने आहेत, पण आबा पहिल्या पायरीला बिचकतील, मागची गर्दी ढकलेल. लिफ्टच धर, मधे बदलावी लागली तरी. पाट्या बघत चाल आणि बाहेरच्या दारातून निघू नकोस, नाहीतर तिकीट तिथंच संपेल. वर आल्यावर मात्र दिशा बघ. रामवाडीकडची नको, वनाझकडची. पाचवं स्टेशन नळ स्टॉप.

पेठेतल्या जुन्या वाड्यांना काही होणार नाही ना, असं तू विचारलंस. तिथं वरून रस्ता उकरत गेलेले नाहीत. बोगदा खोदणारी यंत्रं शेती महाविद्यालयाकडून आणि स्वारगेटकडून निघाली आणि बुधवार पेठेत बाहेर काढली. खोदाई जून २०२२ मध्ये संपली. खाली आपल्याकडचाच काळा पाषाण. तो कठीण, त्यामुळे यंत्राची पाती झिजतात, पण बोगद्याला आधार चांगला. यंत्र पुढं सरकलं की मागं लगेच काँक्रीटच्या तुकड्यांचं कडं बसतं. उघडा खड्डा लागतो तो स्टेशनला, आणि मंडईसारख्या दाटीत खरी अडचण त्याचीच.

स्वारगेट ते कात्रज या ५.४६ किलोमीटरच्या भुयारी वाढीलाही केंद्रानं ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. ती झाली की आपल्या बाजूच्या माणसाला सातारा रस्त्याच्या कोंडीत स्वारगेटपर्यंत कुजत बसावं लागणार नाही. तोवर एसटी कात्रजला पोचली म्हणजे पुण्याला पोचलो असं धरू नकोस. डॉक्टरांची वेळ दुपारची घे. न्यायालयाच्या स्टेशनवर गाडी बदलायला एकट्याला लागेल त्याच्या दुप्पट वेळ ठेव आणि वर आल्यावर आबांना बाकावर बसव. एक गाडी गेली तर जाऊ दे, दुसरी मागोमाग असते.

वहिनींना नमस्कार, आबांना दंडवत.

तुझा,
सुधीर