साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरच्या वायरमन मामांना

मामा, नमस्कार.

आमच्या ट्रेलरचे ब्रेक नीट केलेत त्या दिवशी आभार मानायला तोंड उघडलं तर तुम्ही "चहा घ्या सर" म्हणून विषयच बदललात. म्हणून आता चारचौघांत लिहितोय. ट्रेलर ओढणाऱ्या आणखी कुणाला याचा उपयोग झाला तर तेही तुमच्याच खात्यावर जमा.

आमचा फिरता विज्ञान-ट्रेलर जावळी आणि पाटणच्या शाळांत जातो. दुर्बीण, सूक्ष्मदर्शकं, बाकं, पाण्याची टाकी धरून वजन सव्वा टनाच्या घरात. जूनमध्ये केळघर घाटातून मेढ्याकडे उतरत होतो. एका वळणावर ब्रेक दाबला आणि मागून धक्का बसला. ट्रेलर थांबत नव्हता, जीपला ढकलत होता. शेजारच्या मॅडमनी डॅशबोर्ड घट्ट धरला. दुसऱ्या गिअरात कसंबसं मेढ्यात उतरलो आणि स्टँडजवळ गाडी लावली, तरी बराच वेळ स्टिअरिंगवरचे हात निघेनात.

ज्यांनी ट्रेलर बांधून दिला त्यांना फोन केला. "केबिनमधल्या कंट्रोलरचा गेन वाढवा," म्हणाले. कंट्रोलर म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकला करंट देणारी डबी, आणि गेन म्हणजे तो किती जोरात द्यायचा ते. शेवटपर्यंत वाढवला, फरक शून्य. दोन गॅरेजवाल्यांनी खाली वाकून पाहिलं आणि ऑइलही नाही, हवाही नाही म्हटल्यावर हात वर केले. तुम्ही मात्र म्हणालात, "असला ब्रेक मी पहिल्यांदाच बघतोय. आधी मला समजावून सांगा."

मामा, माझ्या मनात तुमचं हे वाक्य सगळ्यात मोठं आहे. रोज पन्नास गाड्या बघणारा माणूस शाळेतल्या मास्तरला सांगतो की मला हे माहीत नाही, शिकवा.

मग मी सांगितलं. प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. पाय ब्रेकवर पडला की कंट्रोलर त्याला करंट देतो. चुंबक फिरत्या ड्रमच्या आतल्या तोंडाला चिकटतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो आणि त्या ओढीने लिव्हर हलून लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे, फाकतात. एका चुंबकाला साधारण तीन अँपिअर, म्हणजे दोन चाकांना सहा. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हणजे करंट पोचला तर ब्रेक लागणारच. कुठं अडतोय तेवढंच बघायचं."

तुम्ही पाना हातात घेतलाच नाही. पार्किंगचे दिवे लावायला सांगितलंत, ट्रेलरच्या मागे जाऊन उभे राहिलात आणि मला कंट्रोलरची हातदांडी दाबायला लावलीत. "परत. अजून एकदा." दांडी दाबली की मागचे दोन्ही दिवे मंद व्हायचे, सोडली की परत उजळायचे. मी वर्षभर तो ट्रेलर ओढतोय, मला हे कधी दिसलं नव्हतं. तुम्हाला तिसऱ्या वेळेला खात्री पटली. "सर, याला अर्थ नाही मिळत." अर्थ म्हणजे करंटची बॅटरीकडे परत जायची वाट.

पुढचं सगळं मीटरने सिद्ध केलंत. दोन्ही चुंबक प्रत्येकी सव्वातीन ओहमच्या आसपास, म्हणजे चांगले. पण दोघांत मिळून करंट फक्त 2.4 अँपिअर. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ट्रेलरच्या चासीला. दांडी दाबल्यावर तिथं जवळजवळ शून्य यायला हवं, आले सात व्होल्ट! अर्थची वायर रंगावरच स्क्रू मारून बसवलेली, खाली गंज धरलेला. बाकीचा अर्थ हुकाच्या गोळ्यातून, ग्रीसमधून वाट काढत होता. दिव्यांना थोडा करंट लागतो म्हणून ते जळत राहायचे आणि मला वाटायचं वायरिंग ठीक आहे. मुळात वाटच अडलेली, गेन वाढवून काय होणार होतं?

रंग घासून पत्रा पांढरा केलात, वायरच्या टोकाला नवी थिंबल, म्हणजे धातूची कडी, लावून ती बोल्टने आवळलीत आणि अर्थची वेगळी वायर प्लगमधून थेट जीपच्या बॅटरीपर्यंत नेलीत. करंट साडेपाच. तरी तुमचं समाधान होईना. ब्रेकची वायरही बारीक होती, ती काढून चार एमएमची टाकलीत. सहाच्या पुढे गेला. चाक जॅकवर उचलून हाताने गरकन फिरवलंत, मी दांडी दाबली आणि ते कट्टकन थांबलं. तो आवाज अजून कानात आहे.

तिथं काम संपलं होतं. पण हुकाजवळची बारीक दोरी बघून तुम्ही विचारलंत, ही कशाला? ट्रेलर सुटला तर ती पिन ओढते आणि ट्रेलरवरच्या छोट्या बॅटरीने ब्रेक लागतात, असं मी सांगितलं. मागचा प्लग काढून तुम्ही पिन ओढलीत. चाकं मोकळी फिरत राहिली. ती बॅटरी कधीचीच मेली होती. आम्ही शाळांच्या दारात मुलांच्या गर्दीतून तो ट्रेलर नेतो, मामा. हे तुम्ही विचारलं नसतं तर मला कळलंच नसतं.

बिलाच्या कागदामागे तुम्ही पेन्सिलीने तीन आकडे लिहिले होते: 2.4, 5.5, 6.2. तो कागद मी कंट्रोलरच्या खाली चिकटवलाय. रोज निघताना सपाट रस्त्यावर वीसेक किलोमीटरच्या वेगाला नुसती हातदांडी दाबतो. ट्रेलर मागून जीपला धरून ठेवतो हे जाणवल्याशिवाय घाटाकडे वळत नाही. आणि तुम्ही बजावल्याप्रमाणे ब्रेक चांगले असले तरी उतार दुसऱ्याच गिअरात.

गेल्या आठवड्यात त्याच वळणावरून उतरलो. मॅडम खिडकीतून धबधबे बघत होत्या.

दिवाळीनंतर ड्रम उघडून लायनर आणि ग्रीसचं सील बघू म्हणाला होतात. सुट्टीतल्या पहिल्याच सोमवारी ट्रेलर घेऊन येतो.

तुमचा,
फिरत्या प्रयोगशाळेचा मास्तर