बाबांना पडवीतून उतरू दे

लीड्स, 24 नोव्हेंबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हार्ट अटॅकनंतर बाबांना आता चालूफिरू दे, हा विषय फोनवर काढला की तू "होय गं, होय" म्हणतेस आणि लगेच इथे थंडी किती पडली ते विचारतेस. म्हणून लिहायला बसले. दादाला मोठ्याने वाचायला सांग, आणि बाबा समोर असू देत.

दादा सांगत होता, गणपती झाल्यापासून बाबा पडवीची पायरी उतरलेले नाहीत. आगरात जायचं नाही, शिंपणं लावायचं नाही, नारळ सोलायला गडी, बाजारात दादा. आणि रात्री उठून तू त्यांच्या नाकाशी हात धरतेस. हे शेवटचं मला समजतं. बाकीचं बंद कर.

मी रागावून लिहीत नाही. अटॅकमधून उठलेल्या माणसांना पुन्हा चालतं करणं हे माझं रोजचं काम, आणि आमच्या हॉलमध्ये पेशंटपेक्षा घाबरलेली असते ती त्याची बायको. बार्नस्लीकडचे एक आजोबा यायचे, उभा जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला. आजी त्यांचा कोट मांडीवर घेऊन भिंतीशी बसायच्या. आजोबा सायकल मारत असायचे आणि आजींची नजर त्यांच्या तोंडावरून हलायची नाही. घरी बुटांच्या नाड्यासुद्धा त्याच बांधायच्या. एकदा आजोबा मला हळूच म्हणाले, अटॅकने जेवढं म्हातारं केलं नाही तेवढं या नाड्यांनी केलं. बाबा असं बोलणार नाहीत. ते नुसते गप्प होतील, आणि दादा म्हणतो ते झालेतच. अटॅकनंतर पुष्कळांचं मन खचतं, त्यात भूक जाते, झोप जाते, गोळ्याही नकोशा होतात. ही गप्प राहण्याची गोष्ट पुढच्या तपासणीत डॉक्टरांच्या कानावर घालाच.

पूर्वी डॉक्टरही तुझ्यासारखेच होते हो! अटॅक आला की सहा-सहा आठवडे पलंग. पडून पडून पायांत रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या, त्या फुफ्फुसात जायच्या, आणि अटॅकमधून वाचलेला माणूस त्याने जायचा. 1952 मध्ये बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी लिहिलं की अशा पेशंटला पलंगावरून उठवून खुर्चीत बसवा. नुसतं बसवायचं, तरी तेव्हा ते धाडस वाटलं होतं. बाबांना आयसेनहॉवरचं सांग, त्यांना आवडेल. अमेरिकेच्या या अध्यक्षांना 1955 मध्ये मोठा अटॅक आला, आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले. तेव्हा हृदयाची अडलेली नळी फुग्याने उघडायची अँजिओप्लास्टी नव्हतीच, ती पहिल्यांदा झाली 1977 मध्ये, झुरिचला. बाबांची अडलेली नळी तर त्याच दिवशी उघडून आत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवलाय. हृदयाचा जो तुकडा दुखावला त्यावर साधारण दोन महिन्यांत वण धरतो, तेवढे दिवस गेले. इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट दादाने मला पाठवला होता, पंपिंग चांगलं आहे. डॉक्टरांनी कागदावर 'रोज चालणे' लिहिलंय. ते गोळ्यांच्या नावांइतकंच औषध आहे, आई.

चालणं कुठे, तर आधी किनाऱ्यावर. ओली, घट्ट वाळू, सपाट, आणि गुहागरला तिची काही कमी नाही. सकाळी, ऊन चढायच्या आत, पण जेवण झाल्या झाल्या नाही. सुरुवातीला जाऊन-येऊन दहा-पंधरा मिनिटं, मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत अर्ध्या तासापर्यंत. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटायला लागलं की वेग जास्त झाला. तू बरोबर जा, तुला तरी किनारा कधी दिसतो? सुरुवातीची काही मिनिटं हळू, शेवटचीही हळू. एकदम थांबून मटकन बसायचं नाही, रक्तदाब उतरून चक्कर येते.

पाखाडी मात्र नंतर. आपल्या दारापासून देवळापर्यंतच्या त्या जांभ्याच्या पायऱ्या मला इथूनही दिसतात, एकीची उंची दुसरीला नाही. बाबांनी इतकी वर्षं कुंभार्ली घाटात एसटी चढवली, त्यांना मी काय शिकवणार: चढाला गिअर पाडायचा. पाच-सहा पायऱ्या, थांबा, श्वास घ्या, पुढे. कुणी "काय म्हातारे झालात" म्हटलं तर म्हणू दे.

आगरात शिंपणं लावणं, पाचोळा ओढणं, रोपांना आळी करणं आता चालेल. नारळाची पोती उचलणं, श्वास रोखून पहार मारणं इतक्यात नको. चालताना छातीत दाबल्यासारखं झालं तर तिथेच बसायचं, डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली धरायची, आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर 108 ला फोन. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत बसू नका, गॅस झालाय म्हणून ओवा देऊ नका. चिपळूण 45 किलोमीटर आहे. रात्रीबेरात्री कुणाची गाडी निघेल ते दादाने आजच ठरवून ठेवावं.

गोळ्यांचं एकच सांगते. रक्त पातळ ठेवणाऱ्या त्या दोन गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायच्या नाहीत. दात काढायचा म्हणून नाहीत, उपास आहे म्हणून नाहीत, बरं वाटतंय म्हणून तर नाहीतच. बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी धरू शकते. काकूने अर्जुनाच्या सालीचा काढा पाठवलाय म्हणे. तोही डॉक्टरांना विचारूनच, आणि गोळ्यांच्या जागी तर मुळीच नाही.

जेवणाचं तू नको तितकं मनावर घेतलंस. बिनमिठाची पेज तीन वेळा कोण खाईल? ताजा बांगडा, तारली खुशाल दे, तळून नको, तिखलं कर. वाटणात खोबरं निम्मं. खारवलेली मासळी, पापड, लोणचं, तळलेले गरे एवढं गेलं की मिठाचा मोठा वाटा आपोआप गेला. तंबाखूची डबी त्यांनी स्वतःच पऱ्ह्यात टाकली हे ऐकून मला रडू आलं. ती परत घरात येऊ देऊ नका, पाहुण्यांचीसुद्धा.

शिमग्याला पालखीला खांदा देईन असं ते दादाला म्हणाले. तू लगेच "नाही" म्हणालीस. अजून वेळ आहे. तोवर पाखाडी न दमता चढायला लागले तर डॉक्टरांकडून ट्रेडमिलची तपासणी करून घ्या आणि त्यांनाच विचारा. नाचवायला नाही म्हणाले तरी पालखीबरोबर घरोघर चालायला कुणी अडवणार नाही.

मी एप्रिलमध्ये येते, तिकीट काढलंय. दादाला आणि वहिनीला नमस्कार, चिंगीला पापा.

तुझी,
बेबी

ता. क. बाबांनी मला गुपचूप फोन करून विचारलं, यंदा आंब्याच्या कलमावर चढू का? नाही. रक्त पातळ असताना फांदीवरून पडले तर रक्त लवकर थांबायचं नाही. आणि तसंही, बाबा, अडुसष्टाव्या वर्षी आंबे काढायचा झेला खालूनच चालवायचा असतो.